त्रेसष्ट टक्के

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, ‘ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही’, आणि खाली एक बारकीशी रेघ लुकलुकायला लागली. तपासनीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, मनात दहापर्यंत आकडे मोजले आणि परत चालू केला. अक्षरं तीच. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं, म्हणजे आपण बघत नसलो तर यंत्र लाजेकाजेस्तव सुरू होईल म्हणून. यंत्राला कसली आलीय लाज! रविवारचे सकाळचे अकरा वीस झाले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि चौथ्यांदा बटण दाबायला तपासनीस धजत नव्हते.

कारण जी डिस्क सुरू होत नव्हती, ती बाईंची होती.

बाई म्हणजे तपासनीसांची बायको. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या. शाळेत सगळे बाई म्हणायचे, म्हणून हळूहळू घरातही त्या बाईच झाल्या, अगदी नवऱ्यासाठीसुद्धा. गेली नऊ वर्षं त्या खुणांचा कोश करत होत्या. दोन हजार तीनशे खुणा, प्रत्येक खुणेचे फोटो, फोटोखाली अर्थ. निम्म्याहून जास्त फोटोंतले हात शाळेतल्या जुन्या गुरुजींचे होते. गुरुजी स्वतः जन्मापासून बहिरे. आता कुणीच करत नाही अशा कितीतरी जुन्या खुणा एकट्या त्यांनाच येत. गेल्या वर्षी गुरुजी वारले. म्हणजे ते हात आता जगात एकाच ठिकाणी उरले होते, ते म्हणजे या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. ‘बाई, दुसरी प्रत काढून ठेव,’ असं तपासनीस नऊ वर्षं सांगत होते. ‘पुरा तर होऊ दे,’ असं बाई नऊ वर्षं म्हणत होत्या. आता कोश पुरा झाला होता आणि सोमवारी सकाळी दहाला छापखान्याचा माणूस तो न्यायला येणार होता.

आता तुम्ही म्हणाल, तपासनीस निष्काळजी असतील. छे हो! तपासनीस ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारे. सत्तावीस वर्षं त्यांनी गावातल्या लिफ्टा तपासल्या. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट आजवर पडली नाही, कारण त्यातल्या बऱ्याचशा त्यांनी चालूच होऊ दिल्या नाहीत. दार लावताना तीन वेळा ओढून बघणार, गॅस बंद केल्यावर दोनदा वास घेणार, आणि प्रवासाला निघताना शेजारणीला सांगून जाणार की आमच्या घरातून धूर आला तर तो आमचा नाही असं समजू नका.

भानगड सुरू झाली ती त्यांच्या ऑफिसात. पुढच्या महिन्यापासून सगळे तपासणी अहवाल नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर करायचे, असं फर्मान निघालं. ऑफिसातली पोरंटोरं दोन दिवसांत शिकली. तपासनीसांना माऊस कुठे जातोय तेच कळेना. पोरं तोंडावर काही बोलत नसत, पण पाठ फिरली की खुसखुस ऐकू येई. तपासनीसांनी ठरवलं, हे घरी बसून शिकायचं. घरात कॉम्प्युटर एकच, बाईंचा. त्यांनी भीतभीत विषय काढला.

“करा की,” बाई म्हणाल्या. “पण माझ्या डिस्कला बोट लागलं, तर या घरात एक तर ती राहील, नाहीतर तुम्ही.”

“तुझ्या डिस्कला कशाला हात लावतोय? मी दुसरी डिस्क आणतो. त्याच डब्यात बसवतो. नवी सिस्टीम तिच्यावर. तुझी डिस्क तर मी कामाआधी काढूनच ठेवणार.”

इथपर्यंत बेत नामी होता. बिघडवला तो तपासनीसांच्या धंद्यानं. लिफ्टच्या कामात एक नियम असतो: दोन दोर लावायचे तर एकाच जातीचे, एकाच जाडीचे, एकाच कारखान्याचे. एक मऊ आणि एक ताठ असला की सगळा भार एकावर येतो. हा नियम सत्तावीस वर्षांत त्यांच्या हाडांत मुरलेला. दुकानदारानं त्यांना चांगली नवी, चपळ डिस्क दाखवली. तपासनीस म्हणाले, “नको. घरी आहे तशीच हवी. तोच कारखाना, तोच आकार, तेच मॉडेल.”

“साहेब, ती आता कुणी घेत नाही हो.”

“मी घेतो.”

दुकानदार आत गेला, पाच-सहा खोकी पाडल्याचा आवाज आला, आणि शेवटी धुळीनं माखलेली एक डिस्क घेऊन तो बाहेर आला. तपासनीस खूश झाले. अगदी जुळी बहीण!

रविवारी शाळेच्या क्रीडादिनासाठी बाई सहालाच बाहेर पडल्या. तपासनीसांनी लगेच कामाला हात घातला. लिफ्टला हात लावण्याआधी वीज तोडायची, मुख्य बटणाला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हा दुसरा नियम. त्याप्रमाणे त्यांनी कॉम्प्युटर चालू करून बघितलासुद्धा नाही, सरळ वायर काढली, डबा उघडला आणि बाईंची डिस्क अलगद बाहेर घेतली. तिच्यावर धूळ होती. नव्या डिस्कवरही धूळ होती. त्यांनी दोघींना पुसून लख्ख केलं आणि टेबलावरच्या नॅपकिनवर शेजारी शेजारी ठेवलं. एवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या काकू. इमारतीची लिफ्ट अडकली होती. तपासनीस गेले, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी अर्धवट उघडं टाकलेलं दार लावलं, त्या निमित्तानं काकूंना दहा मिनिटं सुरक्षिततेचं महत्त्व सांगितलं, आणि परत आले.

नॅपकिनवर दोन डिस्का होत्या. दोन्ही स्वच्छ, दोन्ही काळ्या, दोन्ही मुक्या.

डावीकडची बाईंची, याची तपासनीसांना जवळजवळ खात्री होती. डावीकडची त्यांनी नॅपकिनमध्ये गुंडाळली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. उजवीकडची डब्यात बसवली. ऑफिसातून आणलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर प्रश्न आला: डिस्क वरवर पुसायची की पूर्ण? पूर्ण पुसल्यास आधीचं काहीही परत मिळवता येणार नाही. तपासनीसांना अर्धवट काम आवडत नसे. त्यांनी ‘पूर्ण’वर बोट ठेवलं. अर्धा तास डिस्कच्या कानाकोपऱ्यात शून्यं भरली जात होती. मग इन्स्टॉलेशन सुरू झालं. दहा टक्के, तीस टक्के, साठ टक्के. त्रेसष्टला डब्यातून टक-टक-टक असा आवाज आला, मग एक लांब सुस्कारा, आणि पडद्यावर: ‘इन्स्टॉलेशन अयशस्वी.’

त्यांनी परत पहिल्यापासून केलं. पूर्ण पुसलं, शून्यं भरली. टक-टक-टक, सुस्कारा, त्रेसष्ट. तिसऱ्यांदा केलं. त्रेसष्ट. तेव्हा कुठे त्यांनी नाद सोडला, कपाट उघडलं, आणि आपली बाईंची डिस्क तरी होती तशी जोडून ठेवावी म्हणून ती जोडली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता तपासनीस विचार करायला लागले, आणि तिथेच त्यांचं चुकलं. विचार केला नसता तर भीती नुसती भीती राहिली असती. पण त्यांचं डोकं अपघाताची चौकशी करण्यात मुरलेलं. कोरी करकरीत डिस्क त्रेसष्टला तीन-तीनदा अडकेल कशाला? अडकते ती वापरून वापरून झिजलेली. म्हणजे डब्यात बसवलेली जुनी होती. आणि कपाटातून काढलेल्या डिस्कवर काहीच सापडत नाही. म्हणजे ती नवी. म्हणजे उजवीकडची बाईंची होती. म्हणजे बाईंची नऊ वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं पुसली. वरवर नाही, पूर्ण. आणि एकदा नाही, तीनदा!

तपासनीसांच्या डोळ्यांसमोर गुरुजींचे हात आले, लांब बोटांचे, बारीक कापलेल्या नखांचे. ‘पाऊस’ची जुनी खूण, ‘आठवण’ची जुनी खूण. बाई कितीदा दाखवायच्या, ‘बघा ना, किती सुंदर आहे.’ आणि तपासनीस पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, ‘हो, छान आहे.’ आता त्यांना त्यातली एकही नीट आठवेना. त्यांना रडूच फुटलं.

त्यात फोन वाजला. बाई!

“काय हो, कसं चाललंय?”

“चाललंय,” तपासनीस म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच आला.

“घसा बसलाय का?”

“धूळ. धूळ होती जरा.”

“माझ्या डिस्कला हात नाही ना लावलात?”

“डिस्क कपाटात होती. कुलूप लावून. किल्ली खिशात आहे,” तपासनीस म्हणाले. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, त्यामुळे त्यांना जास्तच घाम फुटला.

“शहाणे आहात. मी येते पाचच्या सुमारास. आणि जेवून घ्या, तुमचं काम सुरू झालं की भान राहत नाही.”

फोन ठेवल्यावर तपासनीसांनी दुकानात फोन लावला. रविवार, दुकान बंद. नव्या सिस्टीमच्या मदत केंद्राला लावला. तिथल्या यंत्रानं सांगितलं, आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि वीस मिनिटं वाद्यसंगीत ऐकवलं. मग त्यांनी कागद घेतला आणि काही सुचेना तेव्हा माणूस जे जन्मभर करत आला तेच करतो, तसं अपघाताचा अहवाल लिहायला घेतला. ‘अपघाताचे स्थळ: हॉल. अपघाताचे स्वरूप: संपूर्ण. पूर्वसूचना मिळाली होती काय: होय, पत्नीकडून. जबाबदार व्यक्ती:’ इथे त्यांनी स्वतःचा हुद्दा लिहिला आणि सवयीनं खाली सही करून तारीख टाकली. ‘पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय’ या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. पुन्हा घडायला उरलं होतं काय?

शेवटी त्यांनी दादांना फोन केला. दादा म्हणजे बाईंचे मोठे भाऊ, चार गल्ल्या पलीकडे राहणारे. टपाल खात्यातून निवृत्त. दोन छंद: नात्यातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं आणि व्हायोलिन. पैकी पहिला लोकांना आवडायचा.

तपासनीसांनी सगळं सांगितलं. पलीकडून खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज आला.

“दादा, ऐकताय ना?”

“ऐकतोय, ऐकतोय. फार वाईट झालं हो, इन्स्पेक्टरसाहेब. येतो मी. जेवून येतो.”

“जेवून?”

“मग काय उपाशी येऊ?”

दादा आले ते दीड वाजता, दात कोरत. टेबलावर उघडा पडलेला डबा बघून त्यांनी गंभीर चेहरा केला, पण तो टिकेना. ओठ आत ओढून घेऊन ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

“दादा, काही परत मिळेल का हो?”

“पूर्ण पुसलंत ना?”

“तीनदा.”

“तीनदा!” दादांचे खांदे हलले. “मग कसं मिळेल? देवालाही नाही मिळायचं. चहा टाकता का जरा?”

तपासनीसांनी चहा टाकला. साखर कपापेक्षा ओट्यावर जास्त पडली. दादांनी तो चहा शांतपणे प्यायला, बिस्किटं मागितली, ती बुडवून बुडवून खाल्ली. बहिणीच्या जन्माचं मातेरं झालं आणि हा माणूस बिस्किटं बुडवतोय! तपासनीसांना आधी राग आला आणि मग आणखीच भीती वाटली. एवढा शांतपणा म्हणजे दादांनी आशाच सोडली असणार, असं त्यांनी धरलं.

“मी गुरुजींच्या बायकोकडे जातो,” ते एकदम उठले. “त्यांना येत असतील थोड्याफार खुणा. उद्या दहापर्यंत मिळतील तितके फोटो काढतो.”

“दोन हजार तीनशे?”

“होतील तितके! दादा, तिनं ते हात जपून ठेवले होते हो. मी कधी धड बघितलेसुद्धा नाहीत. आता ती आल्यावर मी तिला काय तोंड दाखवू?” आणि तपासनीस खाली बसले ते ओंजळीत तोंड घालून रडायलाच लागले.

आता मात्र दादांनी बिस्किट बशीत ठेवलं. “अहो, अहो, रडू नका. बाईमाणसासारखं… गप्प बसा बघू आधी. तिनं शपथ घातलीय मला, पण मोडतो. तिची डिस्क धडधाकट आहे.”

तपासनीसांनी ओंजळीतून एक डोळा बाहेर काढला.

“तुम्ही काल संध्याकाळी पाहणीला गेला होतात ना, तेव्हा ती मला बोलवायला घरी आली. म्हणाली, उद्या हे कॉम्प्युटर उघडणार, माझी डिस्क काढून दे. मी काढून दिली. तिच्या पर्समध्ये आहे, सकाळपासून तिच्या खांद्याला लटकतेय. इथे मी दुसरी बसवली, माझ्याकडची रिकामी. तुम्ही उघडून बघाल तर जागा मोकळी दिसू नये म्हणून.”

तपासनीस सुटले! छातीवरची धोंड उतरली म्हणजे काय म्हणतात ते हेच. त्यांनी दादांचा हात धरून जोरजोरात हलवला, मग स्वतःच एक बिस्किट खाल्लं, मग दुसरं खाल्लं. आणि तिसरं तोंडात घालता घालता त्यांना राग आला.

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमचा तरी आहे का स्वतःवर?” दादा म्हणाले आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं हसू त्यांनी एकदाचं मोकळं सोडलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. “काय तुमचा चेहरा! आणि अहवाल लिहिलात? दाखवा की! सही पण केलीत?”

तपासनीस ओशाळून हसले. हसता हसता त्यांचं तपासणारं डोकं पुन्हा जागं झालं. “पण दादा, तुमची डिस्क रिकामी होती तरी त्रेसष्टला अडकत का होती?”

“अडकणारच, जुनी आहे. हा कॉम्प्युटर आणि माझा आपण एकदमच घेतला होता ना? त्यावेळच्याच त्या.”

“तसं नाही हो. दर वेळी त्याच जागी. टक-टक-टक, आणि मग असा लांब सुस्कारा.”

दादांचं हसणं अर्ध्यावर थांबलं.

“टक किती वेळा?”

“तीन.”

“आणि सुस्कारा? माणसानं टाकल्यासारखा?”

“अगदी तसाच.”

दादा हळूच खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बघता बघता उतरला. “माझ्या खणात दोन होत्या,” ते म्हणाले. “एक रिकामी. ती कधी आवाज करत नाही. आणि दुसरी…”

दुसरीवर दादांचं व्हायोलिन होतं. बारा वर्षं, आठवड्याला एक तास, नियमानं केलेल्या सरावाचं ध्वनिमुद्रण. सहाशेच्या वर तास. चाळिशी उलटल्यावर पुस्तकावरून शिकलेलं ते व्हायोलिन सगळ्या नात्यात प्रसिद्ध होतं. दादा पेटी उघडायला लागले की पाहुण्यांना गाड्यांच्या वेळा आठवायच्या. शेवटपर्यंत बसून राहायचे ते एकटे गुरुजी, दादांच्या हाताकडे बघत, प्रसन्न चेहऱ्यानं मान डोलवत. ‘खरा जाणकार,’ असं दादा त्यांच्याबद्दल सांगायचे. आणि गेल्याच महिन्यात दादांनी सगळ्यांना जमवून जाहीर केलं होतं की येत्या एक तारखेपासून हे सगळं भांडार ते इंटरनेटवर जगासमोर ठेवणार.

“काल मी जेवत होतो,” दादा पुटपुटले. “ती म्हणाली, तू ऊठू नकोस, मीच आणते. खणातून तिनंच उचलली. मी बघितलंसुद्धा नाही, तशीच बसवली. दोन्ही सारख्याच दिसतात हो! चुकून उचलली तिनं.”

“दुसरी प्रत?”

“कलेची प्रत नसते, असं मीच म्हणायचो सगळ्यांना.”

आता घाबरायची पाळी दादांची आणि चहा टाकायची तपासनीसांची. त्यांनी हा चहा करताना साखर नीट टाकली. दादांच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, कारण मनात कुठेतरी एक बारीक आवाज ‘गुरुजी वाचले, गुरुजी वाचले’ म्हणत नाचत होता. पण ती डिस्क पुसली कुणी? त्यांनीच. पूर्ण पुसली, तीनदा. भीती काही घरातून गेली नव्हती, तिनं नुसती खुर्ची बदलली होती.

दादांनी चहा संपवला. मग त्यांनी डोळे पुसले. “एक ऐका. तिला सांगायचं नाही.”

“अहो, पण…”

“नाही! आपल्या हातून दादाची बारा वर्षं गेली हे कळलं, तर ती स्वतःला कधी माफ करणार नाही. माझं गेलं ते गेलं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन, पण तिला कळता कामा नये. शपथ घ्या.”

तपासनीसांना पुन्हा रडू आलं, पण या वेळी दादांसाठी. या माणसाची व्हायोलिनवरून आपण किती टिंगल केली! त्यांनी शपथ घेतली.

बाई साडेचारलाच आल्या. चपला काढल्या, पर्स टेबलावर ठेवली, दोघांच्या तोंडांकडे बघितलं. “दादा, सांगितलंस ना तू?”

“रडायला लागले गं ते. बघवेना.”

बाईंनी पर्समधून शाळेच्या रुमालात बांधलेली डिस्क काढून नवऱ्यासमोर ठेवली. तपासनीसांनी दोन बोटांनी तिला हलकेच स्पर्श केला. “उद्या छापखान्यात जाण्याआधी मला सगळं दाखवशील? पहिल्यापासून?” त्यांनी विचारलं. बाईंनी जरा चमकून बघितलं, मग म्हणाल्या, “दाखवीन की,” आणि स्वयंपाकघरात गेल्या. थोड्या वेळानं आतून हाक आली, “अहो, जरा इकडे या.”

तपासनीस आत गेले. बाईंनी दार लोटून घेतलं.

“ती यंत्रात होती ती डिस्क. पुसलीत?”

तपासनीसांना शपथ आठवली. “हो. पण ती रिकामीच होती ना, त्यामुळे…”

“वरवर की पूर्ण?”

“पूर्ण.”

“एकदाच?”

“तीनदा.”

“तीनदा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. “म्हणजे आता कुणी कितीही हुशार आणला तरी परत निघणार नाही?”

“नाही.”

“बरं झालं बाई.” त्यांनी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

तपासनीस बघत राहिले. तपासणारं डोकं हळूहळू पायऱ्या चढत होतं आणि प्रत्येक पायरीवर त्यांना थंडी वाजत होती. “बाई,” ते कुजबुजले, “तू ती चुकून नाही उचललीस?”

“हळू बोला! मागच्या वर्षी अभिप्राय दे म्हणून त्यानं ती माझ्याकडे चार महिने ठेवली होती, आठवतं? कोशाचे फोटो लावता लावता मी ऐकत होते. सगळं ऐकलं. सगळं! आणि आता तो ते जगाला ऐकवायला निघाला होता. लोक हसले असते हो त्याला. आपण हसतो ते वेगळं. त्याला समजावून का कमी सांगितलं? ऐकतो का तो?”

“पण मी नेमकी तीच पुसेन, हे तुला काय माहीत? मी तर ती जपून ठेवणार होतो. कुलपात!”

“सव्वीस वर्षं झाली लग्नाला,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एखादी गोष्ट जपायची ठरवलीत की तिचं काय होतं, ते मला माहीत नाही का?”

चहाचं पाणी उकळायला लागलं होतं. दिवसभर ते ज्या बाईच्या अश्रूंना घाबरत होते, ती बाई समोर शांतपणे आलं ठेचत होती, आणि तपासनीसांना तिची आता खरी भीती वाटायला लागली.

“त्यातला एक ठेवलाय मी,” बाई आल्याकडे बघतच म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला होता. “दोन मिनिटांचा तुकडा. सहाशे तासांत तेवढाच एक. तेवढा खरंच सुंदर वाजवलाय हो त्यानं. कोशाच्या प्रकाशनाला तोच लावायचा. दादाचं नाव घेऊन. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या पाहिजेत.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि आलं आधणात टाकलं.

तपासनीस बाहेर आले. दादा खुर्चीच्या कडेवर बसून दाराकडेच बघत होते.

“काय म्हणाली?” त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं. “कळलं का हो तिला?”

सत्तावीस वर्षांत तपासनीसांनी एकदाही खोट्या कागदावर सही केली नव्हती. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

“नाही,” ते म्हणाले. “तिला काहीच कळलेलं नाही.”

“सुटलो,” दादांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. “सांभाळा हो तिला. लहानपणापासून फार हळवी आहे ती.”